एकाच घरात चौघांना शुगर आणि चौघांच्या चार तऱ्हा: कंप्युटर यात काही सांगू शकतो का?

सिद्धी_जुळे_सोलापूर
नमस्कार मंडळी. आमच्या घरात आजी, बाबा, मोठे काका आणि आता चुलत भाऊ, चौघांना शुगर आहे. पण एकाचं दुसऱ्याशी काही जुळत नाही. आजी काटकुळी, गोडाची आवड नाही, उन्हातान्हात शेतात राबलेली, तरी तिला पन्नाशीत निघाली. बाबांचं पोट सुटलेलं आहे पण एका गोळीवर व्यवस्थित चाललंय. काकांचं बाबांसारखंच होतं पण त्यांचं किडनीपर्यंत गेलं. आणि भाऊ २९ वर्षांचा, अंगाने बारीक, त्याला तर एकदम इन्सुलिनवरच टाकलं.

मी बी.एस्सी. बायोटेक शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात एका पाहुण्या सरांचं लेक्चर झालं, की आता अशा गुंतागुंतीच्या आजारांचा अभ्यास करताना जीन्स, रक्ताचे रिपोर्ट, स्कॅन, खाणंपिणं, हवा, कामाचं स्वरूप हे सगळं एकत्र करून कंप्युटरवर मांडतात आणि मग त्यातून आजाराचे पोटप्रकार दिसायला लागतात. ऐकताना भारी वाटलं. घरी येऊन काकांकडे बघितलं आणि वाटलं की हे आमच्यासारख्या घरापर्यंत कधी येणार, येणार तरी का? आणि दुसरं, असलं काम सोलापुरात राहून कुणी करू शकतं का? अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

कडक_भाकरी
वाचतोय. भाकरी आणि शेंगाचटणी हातात आहे, ती सोडायला सांगू नका एवढंच.

डॉ_होटगी_रोड
शेंगाचटणी खा हो, बरोबरच्या दही-साखरेचं बघू.

सिद्धी, तुमच्या घरातलं चित्र ओपीडीत रोज दिसतं. टाइप २ शुगर, म्हणजे मोठेपणी होणारी नेहमीची शुगर, हा एकच आजार नसावा ही शंका डॉक्टरांना जुनीच आहे, पण आकड्यांतून ती नीट दाखवली २०१८ मध्ये स्वीडनच्या लोकांनी. दक्षिण स्वीडनमधले जवळपास नऊ हजार नवे पेशंट घेतले, प्रत्येकाच्या सहाच गोष्टी पाहिल्या: निदानाच्या वेळचं वय, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब), एक अँटिबॉडी, शरीर इन्सुलिन किती बनवतंय याचा अंदाज आणि शरीर त्या इन्सुलिनला किती दाद देतंय याचा अंदाज. कंप्युटरने सारखे सारखे पेशंट एकत्र केले तर पाच गट पडले. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या गटात किडनीचा त्रास जास्त निघाला, इन्सुलिनच कमी पडणाऱ्या गटात डोळ्याच्या पडद्याचा. म्हणजे तुमच्या बाबांचं एक आणि काकांचं दुसरं हे नुसत्या पथ्यावर ढकलून चालत नाही.

आपल्याकडे २०२० मध्ये १९,०८४ पेशंटवर हेच केलं, तर गट चार पडले आणि त्यातले दोन स्वीडनला नव्हतेच. एका गटात तर दोन्ही दोष एकत्र, इन्सुलिन कमीही आणि त्याला दादही नाही. पुण्यातल्या कमी वयात शुगर झालेल्या पेशंटमध्ये इन्सुलिन कमी पडणारा गट निम्म्याहून मोठा निघाला. स्वीडनचा तक्ता जसाच्या तसा उचलून सोलापुरात लावता येत नाही, तो का लावता येत नाही हे शोधणं हाच आपल्यासाठी खरा अभ्यास आहे.

हिंजवडीतला_सोलापूरकर
डॉक्टर, मस्त. मी सॉफ्टवेअरवाला, गेली काही वर्षं हेल्थ डेटावर काम करतोय म्हणून थोडं माझ्या बाजूने.

सिकलसेलसारखा आजार एका जीनमधलं एक अक्षर बदलल्याने होतो, तो शोधायला अवघड असला तरी गोष्ट एकच असते. शुगर, बीपी, हार्ट, दमा हे तसे नाहीत. जीनोममध्ये, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएत, तीन अब्जांच्या आसपास अक्षरं, त्यात शेकडो ठिकाणी थोडा थोडा फरक, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, आणि त्यावर पुन्हा खाणं, झोप, आईच्या पोटात असताना मिळालेलं पोषण, धूर, काम, ताण. एवढं सगळं एका माणसाच्या डोक्यात मावतच नाही, म्हणून कंप्युटर. ब्रिटनमध्ये २००६ ते २०१० मध्ये ४० ते ६९ वयाचे पाच लाख लोक स्वतःहून पुढे आले, रक्त दिलं, मोजमापं दिली, आणि तेव्हापासून त्यांचे दवाखान्यातले रेकॉर्ड त्याला जोडत चाललेत. जगभरातले लोक तो डेटा वापरतात. आपल्याकडे जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने १० हजार भारतीयांचे जीनोम वाचले, जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा अभ्यासकांसाठी खुला केला, फरीदाबादच्या राष्ट्रीय केंद्रात ठेवलाय. हे कमी नाहीये मंडळी. मी तर म्हणतो दहा वर्षांत आपला फॅमिली डॉक्टर औषध लिहिण्याआधी हे सगळं स्क्रीनवर बघेल.

अण्णा_अशोक_चौक
दहा वर्षांत काय काय होणार हे मी साठ वर्षं ऐकतोय बाळा.

माझं म्हणणं कडू लागेल पण मनापासून सांगतो. २०२३ चा आयसीएमआरचा आकडा पेपरात आला होता, देशात १० कोटीच्या वर लोकांना शुगर. यातल्या किती जणांना औषध वेळेवर मिळतं? आमच्या गल्लीत बायका एक दिवसाआड गोळी घेतात, का तर पाकीट महिनाभर पुरावं म्हणून. मागं एका संस्थेने शिबिर घेतलं, सगळ्यांचं रक्त नेलं, फॉर्मवर अंगठे घेतले. रिपोर्ट आजतागायत नाही. कुठल्या अभ्यासात गेलं, काय निघालं, कुणी सांगायला फिरकलं नाही. तुमचा कंप्युटर आमच्याकडून घेतो ते दिसतं, देतो काय ते दिसत नाही.

हिंजवडीतला_सोलापूरकर
अण्णा, रिपोर्ट न देणं हे चुकीचंच, त्याला माफी नाही. पण म्हणून अभ्यासच नको हे पटत नाही. आजीला कोणत्या प्रकारची शुगर आहे हेच माहीत नसेल तर वेळेवर दिलेली गोळी तरी बरोबर आहे कशावरून?

लॅबवाला_७०_फूट_रोड
मी पॅथॉलॉजी लॅब चालवतो. तुम्ही सगळे डेटा डेटा म्हणताय तो जन्माला कुठं येतो ते सांगतो, जरा लांबेल.

मे महिना, मंगळवेढ्याकडचं गाव, ऊन ४२-४३. सकाळी आठला उपाशीपोटी रक्त घेतलं. साखरेसाठी राखाडी टोपणाची बाटली लागते, तिच्यात फ्लोराइड असतं, त्यामुळे रक्तातल्या पेशी साखर खात बसत नाहीत. राखाडी संपल्या म्हणून कुणीतरी साध्या बाटलीत घेतलं आणि डबा गाडीच्या मागच्या सीटवर. साध्या बाटलीत वेगळं न केलेलं रक्त ठेवलं तर साखर तासाला ५ ते ७ टक्के उतरते, गरमीत त्याहून जास्त. सोलापुरात पोचेपर्यंत अकरा वाजले. खरी १३० होती ती मशीनवर १०८ आली. १२६ च्या वर शुगर धरतात. म्हणजे शुगरचा माणूस कागदावर काठावरचा झाला. कागद कंप्युटरमध्ये गेला. आता तुमचा कितीही हुशार प्रोग्राम असू दे, त्याला ती राखाडी बाटली संपलेली कशी कळणार?

नावाचं बघा. एकच पेशंट आमच्याकडे वेंकटेश, सिव्हिलच्या कागदावर व्यंकटेश, खाजगीत आधी आडनाव मग व्यंकटेशम. मोबाइल नंबर पोराचा, तोच नंबर आई, बाप, मावशी सगळ्यांना. वय विचारलं तर ४०, ४५, ५०, ५५. बेचाळीस वर्षांची बाई माझ्या रजिस्टरला क्वचित सापडते. तीन दवाखान्यांतले तीन कागद एकाच माणसाचे आहेत हे ठरवायलाच दमछाक होते, जीन्सचं नंतर.

अजून एक. एचबीए१सी हा तीन महिन्यांचा हिशोब म्हणून सगळे डोळे झाकून धरतात. पण लोह कमी असलेल्या ॲनिमियात तो खोटा वाढलेला येऊ शकतो, आणि लाल पेशी लवकर फुटण्याचा काही आजार असेल तर खोटा कमी. आपल्याकडच्या बायकांमध्ये ॲनिमिया किती आहे तुम्हाला माहितीय. म्हणून मी तरी एचबीए१सीबरोबर हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय बोलत नाही. दोन कागद शेजारी ठेवून वाचले तरी निम्मं काम होतं, माझ्या मते एकत्र करण्याची सुरुवात तिथून आहे.

डॉ_होटगी_रोड
लॅबवाले, हे वाचून बरं वाटलं. शिबिराचे काठावरचे रिपोर्ट मी परत करून घेतो ते याचसाठी.

संख्याशास्त्र_शिकवते
लॅबवाल्यांच्या मुद्द्याला धरूनच. माझ्या विद्यार्थ्यांना मी अमेरिकेतला २०१८ चा एक अभ्यास नेहमी सांगते. छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखायला कंप्युटरला शिकवलं. ज्या दवाखान्यांच्या फोटोंवर शिकला तिथं छान, बाहेरच्या दवाखान्यात ढासळला. तपासलं तर कळलं की एक्स-रे कुठल्या दवाखान्याचा आहे हे त्याला जवळजवळ अचूक ओळखता येतं. एका दवाखान्यात न्यूमोनियाचे पेशंट जास्त, म्हणून दवाखाना ओळखला की अर्धं उत्तर हातात. तो लबाडी करत नव्हता, आपण त्याला जे दिलं त्यात सगळ्यात सोपी खूण त्याने उचलली. राखाडी बाटली असलेली लॅब आणि नसलेली लॅब एकत्र केली तर इथेही हेच होणार.

दुसरं, हिंजवडीकर म्हणतात ते शेकडो जीन्सचे चिमूटभर वाटे बेरीज करून धोक्याचा एक आकडा काढतात. तो आकडा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेला असतो कारण अभ्यासात तेच जास्त आहेत. आपल्यावर लावला की नेमकेपणा घटतो, हे २०१९ पासून ठळकपणे लिहिलं गेलंय. परदेशी किट मागवून लाळ पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

आणि डॉक्टरांना एक प्रेमाने. स्वीडनचे पाच गट छान आहेत, पण २०१९ मध्ये दुसऱ्या काही संशोधकांनी जुन्या औषध-चाचण्यांचा डेटा घेऊन दाखवलं की कोणतं औषध कुणाला लागू पडेल हे सांगायला गटांपेक्षा वय, लिंग, बीएमआय, एचबीए१सी असे साधे आकडे थेट वापरले तर जास्त उपयोगी पडतात. माणूस एका खोक्यात बसत नाही, दोन खोक्यांच्या मधे असतो.

डॉ_होटगी_रोड
मॅडम, मान्य आहे आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मी पेशंटला गटाचं नाव कधी सांगत नाही. मला त्या अभ्यासातून एवढंच मिळालं की बारीक माणूस समोर आला की इन्सुलिन कमी पडतंय का हे आधी बघायचं, जाड माणसाचे ठोकताळे त्याला लावायचे नाहीत. बारीक म्हणजे चरबी नाही असंही नाही. पुण्याच्या केईएममधले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला फोटो बघा. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. सिद्धी, आजीच्या काटकुळेपणाचं कोडं त्या एका फोटोत आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायांची आणि त्यांच्या पोरांची नोंद ठेवत आलेत ती मंडळी, जन्माला येणारं बाळ वजनाने कमी पण चरबीने जास्त, हे तिथूनच पुढं आलं.

कडक_भाकरी
अण्णा, एक गंमत सांगू का, कंप्युटरचं मूळ तुमच्याच विणकामाच्या धंद्यात आहे. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये जकार्डने माग काढला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा. तीच भोकांची युक्ती १८९० च्या अमेरिकेतल्या जनगणनेत माणसं मोजायला वापरली. म्हणजे सोलापुरी चादर आणि हा सगळा डेटा चुलत भावंडं आहेत.

अण्णा_अशोक_चौक
काय बे, हे आधी नाही का सांगायचं!

मी पुठ्ठे पंच केलेत. ग्राफच्या कागदावर डिझाइन काढायचं, चौकट न् चौकट रंगवायची, मग एकेक ओळ वाचत पुठ्ठ्याला भोकं पाडायची, मग पुठ्ठे दोऱ्याने ओळीत शिवायचे. एक माणूस वाचायला, एक पंच करायला. आणि एक भोक चुकलं तर मागवाला काही करू शकत नाही, तो माग कितीही चांगला असू दे, प्रत्येक चादरीत तीच चूक त्याच जागी. म्हणून पुठ्ठा मागावर चढायच्या आधी वाचणारा दुसरा माणूस ठेवायचे, पंच करणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. लॅबवाल्याचं म्हणणं मला आता नीट समजलं. तुमच्या धंद्यात तो दुसरा वाचणारा कोण आहे?

ऋतुजा_पुण्यात_शिकतेय
अण्णांचा प्रश्न वाचून लिहायला आले. तो दुसरा वाचणारा म्हणजे आम्ही.

मी मूळची सोलापूरची, पुण्यात बायोइन्फॉर्मेटिक्समध्ये (जीन्स-प्रोटीनचा डेटा कंप्युटरवर अभ्यासायचा विषय) एम.एस्सी. करतेय. सिद्धी, तुझ्या डोक्यात असेल की दिवसभर मोठी मोठी मॉडेल्स चालवायची, तसं नसतं. एका पेशंटचं जीन्सचं पान आहे, प्रोटीनचं नाही. दुसऱ्याचं प्रोटीनचं आहे, पण रिपोर्टमध्ये युनिट वेगळं. सोमवारी प्रोसेस केलेले नमुने आणि गुरुवारी केलेले नमुने वेगळे दिसतात, आजारामुळे नाही, केमिकलची बाटली बदलली म्हणून! तो फरक आधी ओळखून बाजूला काढायचा, नाहीतर तू आनंदाने जाहीर करशील की दोन पोटप्रकार सापडले आणि त्यांची नावं सोमवार-गुरुवार निघतील. बहुतेक वेळ यातच जातो आणि मला हे काम मनापासून आवडतं.

अण्णा, 'देतो काय' विचारलंत ना. अमेरिकेत २००६ पासून एक मोठा प्रकल्प चालला, ३३ प्रकारचे कॅन्सर, ११ हजारांहून जास्त पेशंट, प्रत्येकाच्या गाठीचा डीएनए, आरएनए, बाकीच्या खुणा सगळं एकत्र. त्यात जठराचा कॅन्सर एक नसून चार प्रकारचा दिसला, गर्भाशयाच्या अस्तराचाही चार प्रकारचा. दोन्हीकडे एक प्रकार असा की ज्यात डीएनएच्या दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते. ही खूण आधीपासून माहीत होती, पण ती किती अवयवांत सापडते हे असं सगळं शेजारी शेजारी ठेवल्यावर नीट दिसतं. २०१७ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदाच असं झालं की गाठ कुठल्या अवयवात आहे ते न बघता, फक्त ती खूण आहे का बघून औषधाला मंजुरी मिळाली. महाग आहे हे मान्य. पण खूण तपासायची टेस्ट आता आपल्याकडच्या मोठ्या सेंटर्समध्येही होते.

आणि सोलापुरात राहून होईल का, तर सुरुवात नक्की होईल. त्या प्रकल्पाचा बराचसा डेटा फुकट उघडा आहे. आर किंवा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषांपैकी एक शिक, साधा लॅपटॉप पुरतो, मोठी गणितं लागली तर पुढे सी-डॅकसारख्या सरकारी संगणक संस्थेत सोय असते. पुणे विद्यापीठाचं बायोइन्फॉर्मेटिक्सचं केंद्र १९८७ पासूनचं आहे, तिथल्या प्रवेशाची चौकशी कर. पण त्याआधी संख्याशास्त्र पक्कं कर, मॅडम इथंच आहेत.

संख्याशास्त्र_शिकवते
ये गं, आनंदाने शिकवीन.

पद्मा_कन्ना_चौक
मी एवढं शिकलेली नाही, दहावीनंतर शिवणकाम करते, पण धागा पूर्ण वाचला आणि राहवलं नाही.

माझी आई चाळीस वर्षं विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, दिवसभर. घरात एकच खोली, तिथंच जेवण, तिथंच झोप, जर्द्याचा भुगा हवेत असतोच. संध्याकाळी हात धुतले तरी भाकरीला कडू वास येतो. आईला दम लागतो, शुगरपण आहे. दवाखान्यात प्रत्येक वेळी फॉर्म भरतात, तंबाखू खाता का, नाही. विडी-सिगरेट ओढता का, नाही. झालं, आईच्या नावापुढं तंबाखू: नाही. काम काय तर गृहिणी, का तर घरात बसून करते ना!

तुमच्या कंप्युटरमध्ये माझी आई तंबाखूशी काही संबंध नसलेली गृहिणी म्हणून गेली असेल. तिच्यासारख्या सोलापुरात हजारो आहेत. उद्या कंप्युटर सांगेल की सोलापुरात तंबाखू न घेणाऱ्या बायकांनाही दम लागतो, कारण कळत नाही.

डॉ_होटगी_रोड
पद्माताई, तुम्ही फार महत्त्वाचं लिहिलंत. आजपासून माझ्या केसपेपरवर 'काम काय करता' याच्या खाली 'हाताने काय हाताळता, किती वर्षं, कुठं बसून' हे विचारणार. यंत्रमागावरच्या लोकांनाही, सुताच्या धुळीने छाती भरते हे जुनंच माहीत आहे, पण केसपेपरवर नुसतं 'कामगार' असतं. चुलीचा धूर तर विचारलाच जात नाही, आणि कधी विडी न ओढलेल्यांमध्येही दम लागण्याचा आजार आपल्या देशात कमी नाही.

संख्याशास्त्र_शिकवते
पद्मा, तुझ्या या एका पोस्टवर मी एक तास शिकवणार आहे. जे विचारलंच नाही ते कुठलंही गणित परत आणू शकत नाही. २००५ मध्ये एका शास्त्रज्ञाने मांडलं होतं की जीन्सची नोंद होते तशी माणसाने आयुष्यभर काय काय अंगावर घेतलं त्याचीही व्हायला हवी. वीस वर्षांत जीन्सचं मोजमाप कुठल्या कुठे गेलं, दुसरं तिथंच रेंगाळलंय.

बार्शीकर
सोलापूरवाले बार्शीला विसरतात म्हणून मीच लिहितो.

आमच्याकडे १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद ठेवतात, खेड्यातली अशी देशातली पहिली नोंदणी. शहरात नोंदणी म्हणजे दवाखान्यातून कागद गोळा करायचे. खेड्यात तसं चालेना, कारण बाई दवाखान्यात पोचतच नाही. मग कर्मचारी गावोगाव फिरायचे, लोकांना जमवून बोलायचे, कुणाला अंगावरून जातं, कुणाची गाठ आहे हे विचारून बार्शीला तपासणीला आणायचे. वर्षानुवर्षं.

त्याच जोरावर शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये मोठा अभ्यास सुरू झाला, आमचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि फ्रान्समधली कॅन्सर संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था मिळून. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया, ५२ गट. २००९ मध्ये निकाल छापून आला: एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, एकदाच तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू, नेहमीसारखं ठेवलेल्या गटात ६४. जगभर आज एचपीव्ही तपासणीचं धोरण ठरवताना हा अभ्यास पुढं ठेवतात. त्या 'नेहमीसारख्या' गटाला तपासणी दिली नाही यावर नंतर टीकाही झाली, तीही वाचा, ती टाळू नये. पण कुठल्या बाईचं पुढं काय झालं हे आठ वर्षं शोधत राहिले म्हणून ३४ आणि ६४ हे आकडे उभे राहिले. कोण गावात राहिली, कोण लेकीकडे गेली, कोण वारली आणि कशाने, हे वहीत होतं. अण्णा, हा आपल्याच मातीतला अभ्यास आहे आणि त्याने दिलंय.

अण्णा_अशोक_चौक
बार्शीकर, हे माहीत नव्हतं. अशी नोंद ठेवणाऱ्यांना माझा नमस्कार. मग शुगरची अशी वही सोलापुरात का नसावी? फक्त एक अट, ज्याचं रक्त घेतलं त्याला रिपोर्ट घरी आणून द्यायचा आणि वाचून दाखवायचा.

वकील_पार्क_चौक
वही करा, पण परवानगी नीट घ्या. फॉर्मवर अंगठा म्हणजे परवानगी नव्हे. कशासाठी, कुणाकडे जाणार, नको वाटलं तर मागे कसं घ्यायचं हे मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये समजावून सांगायला हवं. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे. आभा या सरकारी आरोग्य कार्डाच्या १४ आकडी नंबरावर दवाखान्यांचे कागद जोडले जातात, लॅबवाल्यांचा तीन व्यंकटेशचा प्रश्न त्याने सुटेलही, पण जोडलेला कागद जास्त जपावा लागतो. जीनोमचं तर एकट्याचं नसतंच, सिद्धीने दिला तर बाबांचाही अर्धा उघडा पडतो. घरात बोलून ठरवा.

हिंजवडीतला_सोलापूरकर
पटलं. मी एक सुचवतो. फॉर्मचा नमुना मी बनवतो, त्यात पद्माताईंचे कामाचे प्रश्न, लॅबवाल्यांचे बाटलीचा रंग आणि रक्त घेतल्याची व तपासल्याची वेळ हे दोन रकाने. नुसती वेळ लिहिली तरी चूक नंतर धरता येते. अण्णा तपासणार, मगच पुढं.

अण्णा_अशोक_चौक
आण. वाचायला चष्मा नवा केलाय.

सिद्धी_जुळे_सोलापूर
सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काल घरातले जुने रिपोर्ट काढले, आजीचे ट्रंकेत, काकांचे प्लॅस्टिकच्या पिशवीत. तारखेने लावतेय. एक लगेच दिसलं, आजीचं हिमोग्लोबिन ८ होतं त्याच वर्षी एचबीए१सी वाढला म्हणून गोळी वाढवली होती. लॅबवाले काका म्हणतात ते तेच असेल का माहीत नाही, डॉक्टरांना दाखवणार आहे. ऋतुजाताई, गड्ड्याच्या जत्रेला घरी आलीस की भेटूया का?

डॉक्टर, भावाचं काय करावं?

ऋतुजा_पुण्यात_शिकतेय
नक्की. होम मैदानावर भेटू, आधी पाळणा मग पायथन.

डॉ_होटगी_रोड
आजीचे दोन्ही कागद एकत्र घेऊनच जा, आणि तोवर गोळी आपल्या मनाने कमी करू नका.

भावाबद्दल इथं बसून निदान सांगणार नाही. पण त्याच्या डॉक्टरांना दोन तपासण्यांबद्दल विचारा, गॅड अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड. पहिलीवरून शरीर स्वतःच इन्सुलिनच्या पेशींवर उठलंय का ते समजतं, दुसरीवरून स्वतःचं इन्सुलिन किती शिल्लक आहे ते. आणि घरात सलग पिढ्यांत पंचविशी-तिशीच्या आतच शुगर निघत असेल तर एकाच जीनमुळे होणारा प्रकारही असतो, त्यात काहींना साधी गोळी इन्सुलिनपेक्षा चांगली लागू पडते. तुमच्याकडे आजीला पन्नाशीत निघाली म्हणताय, तेव्हा तसं वाटत नाही, तरी प्रत्येकाचं निदानाचं वय लिहून न्या.

कडक_भाकरी
डॉक्टर, सी-पेप्टाइड उपाशी द्यायचं की खाऊन? माझ्या मेव्हण्यालाही सांगितलंय.

डॉ_होटगी_रोड
उपाशी चालतं, खाऊनही करतात, कसं केलं ते कागदावर लिहून घ्या. त्याच वेळी साखरही तपासायची, साखर फार कमी असताना काढलं तर आकडा उगाच कमी दिसतो. आणि किडनी कमजोर असेल तर सी-पेप्टाइड फुगलेलं येतं, म्हणून क्रिएटिनिनचा कागद सोबत ठेवा.

लॅबवाला_७०_फूट_रोड
आणि साखरेची बाटली राखाडी टोपणाचीच आहे ना, तेवढं डोळ्याने बघून घ्या.